पायऱ्यांचा खर्च कोण भरतो?



शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापुरात झाले. त्यापूर्वी या भागातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. पुण्याचे विद्यापीठ कोणाला जिल्ह्यावरून नाकारीत नव्हते. कागदोपत्री त्याचे दार शिरोळच्या, भुदरगडच्या, आटपाडीच्या मुलाला उघडेच होते. तरीही दक्षिण महाराष्ट्राने स्वतंत्र विद्यापीठाची मागणी केली, कारण अंतर हाही नकाराचाच एक प्रकार आहे, हे इथल्या माणसाला अनुभवाने कळले होते. पुढे उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांनी चार दशकांहून अधिक काळ आंदोलन केले, तेव्हाही युक्तिवाद हाच होता. मुंबईच्या न्यायालयाचे दार कोणी बंद केलेले नव्हते. पण जे दार गाठता येत नाही ते उघडे आहे असे म्हणण्यात अर्थ नाही, असे ही जनता म्हणत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाले आणि त्या म्हणण्याला मान्यता मिळाली.

ज्या शहराने अंतराविरुद्ध दोन लढे दिले, त्या शहरापुढे अंतराचाच एक तिसरा प्रश्न उभा आहे. तो मैलांत मोजता येत नाही; तो पायऱ्यांत मोजावा लागतो. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या विद्यार्थ्याला विभागाच्या दारातल्या पाच पायऱ्या म्हणजे पुण्याचा रस्ताच होय. अंध विद्यार्थ्याला खुणा नसलेला लांबलचक मार्गिकेचा चौक, कर्णबधिर विद्यार्थ्याला केवळ तोंडी जाहीर होणारा वर्गबदल, कुबड्या घेऊन चालणाऱ्याला गुळगुळीत फरशीचा जिना, या साऱ्या गोष्टी त्याच प्रकारच्या. प्रवेशाची यादी लागते, यादीत नाव असते, शुल्क भरले जाते; आणि मग असे दिसते, की प्रवेश मिळाला तो विद्यापीठात, इमारतीत नव्हे.

हा प्रश्न केवळ कोल्हापूरचा नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. महाराष्ट्रातील बहुतेक विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या जुन्या इमारती अशा काळात बांधल्या गेल्या, की ज्या काळी अपंग माणूस पदव्युत्तर वर्गात येऊन बसेल ही कल्पनाच बांधणाऱ्यांच्या मनात नव्हती. उंच जोते हे भारदस्तपणाचे लक्षण मानले जाई. दर्शनी पायऱ्या जितक्या रुंद, तितकी संस्था मोठी. त्यांत कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. परंतु विषमता टिकवायला दुष्ट हेतूची गरज क्वचितच लागते. कोणाची तरी आठवण न होणे एवढे तिला पुरते.

या ठिकाणी कोल्हापूरच्या इतिहासातील एक धडा पुन्हा वाचण्यासारखा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, ही गोष्ट सर्वांच्या तोंडी असते. पण त्याच्या आधीच, १९०१ मध्ये, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले होते. त्यापाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. राजाराम कॉलेज तर १८८० पासून या शहरात होते. मग वसतिगृहांची एवढी खटपट कशासाठी? कारण असे, की खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला कॉलेजात बसण्याची मुभा असली, तरी रात्री झोपायला जागा आणि दोन वेळचे जेवण नसेल तर ती मुभा फुकट जाते, हे महाराजांनी ओळखले होते. हक्क आणि हक्काचा उपभोग यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते, आणि ती जागा कोणीतरी पैसा खर्च करून, विटा रचून भरून काढावी लागते. त्या काळी ती जागा बोर्डिंगने भरून निघाली. आज अपंग विद्यार्थ्यासाठी ती रॅम्पने, लिफ्टने आणि वापरता येण्याजोग्या स्वच्छतागृहाने भरून निघणार आहे. ज्याला बोर्डिंगचे महत्त्व पटले, त्याला रॅम्पचे महत्त्व पटायला अडचण पडू नये.

आता खर्चाच्या प्रश्नाकडे वळू. सभेत या विषयाला कोणी उघड विरोध करीत नाही. सर्वांच्या माना सहानुभूतीने हलतात आणि मग कोणीतरी हळूच म्हणते, “सगळे खरे, पण निधी कुठे आहे?” हा प्रश्न प्रामाणिक असू शकतो, आणि म्हणूनच त्याला अर्थशास्त्राच्या भाषेतच उत्तर दिले पाहिजे.

या प्रश्नामागे एक गृहीत दडलेले आहे. ते असे, की संस्थेने रॅम्प बांधला तर खर्च होतो आणि बांधला नाही तर खर्च वाचतो. हे गृहीत चुकीचे आहे. एक उदाहरण कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. करवीर तालुक्यातील एका खेड्यातली मुलगी रस्त्यावरील अपघातात पाठीच्या कण्याला इजा होऊन खुर्चीला खिळली. ती हुशार आहे, तिला एम. ए. करायचे आहे. विभाग दुसऱ्या मजल्यावर. तिचा भाऊ गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात रोजंदारीवर आहे. बहिणीला सकाळी वर उचलून न्यायचे आणि दुपारी खाली आणायचे, तर त्याला कामावर जाता येत नाही. वर्षाला दोनशे दिवस वर्ग भरतात आणि त्याची मजुरी दिवसाला पाचशे रुपये आहे असे धरले, तर या कुटुंबाचे वर्षाला एक लाख आणि दोन वर्षांत दोन लाख रुपये बुडतात. या दोन लाखांची नोंद कोणत्याही संस्थेच्या ताळेबंदात होत नाही. लेखापरीक्षक त्याबद्दल शेरा मारीत नाही. पण तो खर्च झालेला असतो. संस्थेने जो टाळला, तो एका गरीब घराने भरला. आणि तोही अक्षरशः खांद्यावर वाहून.

म्हणजे निवड खर्च करावा की करू नये यांमध्ये नाहीच. तो सर्वांनी मिळून एकदाच करावा, की ज्यांना तो सर्वांत कमी परवडतो त्यांच्याकडून दरवर्षी वसूल करावा, एवढाच निर्णय संस्थेच्या हाती असतो. दुसऱ्या प्रकारच्या वसुलीला कराचे नाव नाही, पण ती करच होय, आणि तोही सर्वांत अन्यायी जातीचा: ज्याची कुवत कमी त्याला जास्त. जिथे भाऊ नाही, किंवा त्याची मजुरी बुडवणे घराला झेपत नाही, तिथे कराची आकारणी आणखी कठोर होते. तिथे मुलगी घरी राहते.

अमर्त्य सेन यांनी २००९ मधील ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ या ग्रंथात अपंगत्वाच्या दुहेरी बोजाचे विवेचन केले आहे. अपंग व्यक्तीला कमाई करणे अवघड जाते, ही पहिली अडचण. ती सर्वांना दिसते. परंतु मिळालेल्या पैशाचे चांगल्या जीवनात रूपांतर करणेही तिला अधिक अवघड जाते, ही दुसरी अडचण सहसा ध्यानात येत नाही. तितकेच शुल्क, तितकीच शिष्यवृत्ती, तितकीच पुस्तके हाती असूनही तिला इतरांइतके शिक्षण मिळत नाही. म्हणून नुसती शुल्कमाफी देऊन विद्यापीठाची जबाबदारी संपत नाही. शुल्कमाफीचा आदेश हाती घेऊन मुलगी जिन्याखाली बसून राहिली, तर त्या सवलतीचे मोल शून्य.

रॅम्पचे गणितही काही गूढ नाही. प्रमाणित चढ एकास बारा: एक सेंटिमीटर उंची चढायला बारा सेंटिमीटर लांबी. पंधरा सेंटिमीटरच्या पाच पायऱ्या म्हणजे पाऊण मीटर उंची, तिला नऊ मीटर लांबीचा उतार लागतो. दोन्ही बाजूंना कठडा आणि वरखाली खुर्ची वळवण्याइतकी सपाट जागा. तीन मीटर साठ सेंटिमीटर उंचीच्या एका मजल्यासाठी मात्र त्रेचाळीस मीटरांहून लांब उतार लागेल, म्हणून तिथे लिफ्टला पर्याय नाही. इमारत नकाशावर असताना या साऱ्याचा विचार केला, तर एकूण खर्चात त्याचा वाटा किरकोळ असतो. बांधून झाल्यावर भिंती फोडून तेच करायचे, तर खर्च कैक पटींनी वाढतो. आज नवी इमारत रॅम्पविना उभारणारी संस्था बचत करीत नसते. ती उद्याच्या विद्यार्थ्यांच्या नावावर कर्ज काढीत असते.

दुसरा आक्षेप संख्येचा. “असे विद्यार्थी येतात तरी किती?” असे विचारले जाते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. महाराष्ट्रात त्यांची संख्या २९ लाखांहून अधिक होती. दुसऱ्या बाजूला २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशातील उच्च शिक्षणात सव्वाचार कोटींहून अधिक विद्यार्थी होते. त्यांत अपंग विद्यार्थ्यांचा आकडा एक लाखालाही पोहोचत नाही. हा आकडा गरज कमी असल्याचा पुरावा मानायचा, की वाट बंद असल्याचा? १९०१ साली कोणी राजाराम कॉलेजातील खेडुतांची मुले मोजून म्हटले असते, “येतात तरी किती? बोर्डिंग कशाला?” तर त्याला हिशेबी म्हणता आले असते, शहाणा म्हणता आले नसते.

कायद्याची स्थिती पाहिली, तर हा प्रश्न केव्हाच सुटायला हवा होता. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्याने शिक्षणसंस्थांत तीन टक्के जागा राखून ठेवल्या. परंतु सार्वजनिक इमारती सुगम करण्याच्या कर्तव्याला त्याच कायद्याने एक शेपूट जोडले: ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’. या तीन शब्दांच्या आडोशाला वीस वर्षे निघून गेली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतील राखीव जागा किमान पाच टक्के केल्या, शिक्षणसंस्थांची इमारत आणि परिसर सुगम असलाच पाहिजे असे सांगितले, आणि अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारतींसाठी नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत घातली. नियम जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षे जून २०२२ मध्ये संपली. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२२ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुगमतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले, की सुगमतेची मानके नुसती शिफारसवजा असून चालणार नाहीत, ती बंधनकारक असली पाहिजेत. महाराष्ट्र शासनाने तर डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. ‘अपंग’ म्हणावे की ‘दिव्यांग’, यावरही बरीच चर्चा झाली. माणसाला आदराने संबोधावे याबद्दल दुमत नाही. मात्र नाव बदलल्याने पायरीची उंची एका सेंटिमीटरनेही कमी होत नाही.

मग अडते कुठे? अडते ते अर्धवटपणात. कागदोपत्री पूर्ततेसाठी केलेल्या कामाचे मासले राज्यात कोणत्याही जिल्ह्यात पाहायला मिळतात. रॅम्प असतो, पण त्याच्या शेवटी उंबरठा असतो. लिफ्ट असते, पण तिची किल्ली ज्याच्याकडे असते तो रजेवर असतो. अपंगांसाठी राखीव अशी पाटी लावलेल्या स्वच्छतागृहात झाडू, बादल्या आणि जुनी बाके रचलेली असतात. सुगमता ही साखळीसारखी असते. फाटकापासून विभागापर्यंतचा रस्ता, विभागाचे दार, वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय, स्वच्छतागृह, वसतिगृह, परीक्षा केंद्र यांपैकी एक कडी तुटली, की उरलेल्या कड्यांवर झालेला सारा खर्च वाया जातो. दिवसभर पाणी न पिता वर्गात बसणारी मुलगी कोणत्याही अहवालात दिसत नाही. दिसतो तो रॅम्पचा फोटो.

आणि म्हणूनच रॅम्प कोठे बांधला, यालाही महत्त्व आहे. कित्येक ठिकाणी दर्शनी भाग बिघडू नये म्हणून तो इमारतीच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी काढला जातो. १९१९ साली शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळांत घ्यावे असा आदेश काढला. वेगळे आणि मागचे दार माणसाला काय शिकवते, हे त्यांना माहीत होते. इमारत ऐतिहासिक असेल तर तिचे सौंदर्य राखून दर्शनी बाजूनेच वाट काढणे ही वास्तुविशारदाच्या कौशल्याची परीक्षा आहे. ती टाळण्याची सबब नव्हे.

हे सारे आपल्या मातीत रुजणार नाही, हे परदेशाचे लाड आहेत, असेही म्हटले जाते. योगायोग असा, की ज्या १९६२ साली सागरमाळावर शिवाजी विद्यापीठाचा आरंभ झाला, त्याच वर्षी अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील परिसरात एड रॉबर्ट्स नावाचा तरुण शिकायला आला. पोलिओमुळे त्याचे हातपाय निकामी झाले होते आणि श्वासासाठी त्याला यंत्रात झोपावे लागे. विद्यापीठाने त्याची राहण्याची सोय वसतिगृहात न करता परिसरातील रुग्णालयात केली. मागोमाग तसेच आणखी विद्यार्थी आले, त्यांची संघटना झाली, त्यांनी विद्यापीठाला आणि नगरपालिकेला पदपथांचे काठ उतरते करायला लावले. १९७२ मध्ये त्यांनी स्वतंत्र जीवनाचे केंद्र उभारले. तेथेही ही गोष्ट कोणी आपण होऊन दिली नव्हती. ती मागून, भांडून मिळवावी लागली होती.

आणि कोल्हापूरला त्यासाठी बर्कलेकडे पाहण्याची गरज तरी काय? ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर चाकाच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये याच शहरात ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. अपंग मुलामुलींसाठी वसतिगृह, शाळा, रोजगार यांची उभारणी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे. शासन आणि विद्यापीठे ज्या काळी या प्रश्नाकडे वळलीही नव्हती, त्या काळी खुर्चीवर बसलेल्या माणसांनी स्वतःसाठी इमारती उभारून दाखवल्या. मोठ्या संस्थांना ते जमत नाही असे म्हणणे त्या संस्थांनाच कमीपणा आणणारे आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली मागणी बिनपैशाची आहे. ज्या वर्गात एकही विद्यार्थी जिना चढू शकत नाही, तो वर्ग त्या वर्षी तळमजल्यावर भरावा; परीक्षा केंद्राची बैठकही तळमजल्यावरच असावी. त्यासाठी निविदा लागत नाही, वेळापत्रकावर एक सही लागते. दुसरी, विद्यापीठाच्या परिसराची आणि तिन्ही जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांची तपासणी व्हावी, आणि ती करणाऱ्यांत अभियंत्याबरोबर चाकाची खुर्ची वापरणारे, अंध आणि कर्णबधिर विद्यार्थी असावेत. कोणत्या दाराशी अडते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? तिसरी, विद्यापीठाच्या अर्थसंकल्पात यासाठी स्वतंत्र शीर्ष असावे, आणि मागील वर्षी किती खर्च झाला व किती इमारती उरल्या याचा हिशेब दरवर्षी अधिसभेपुढे यावा. जी रक्कम स्वतंत्र ओळीत दिसत नाही, ती मार्चअखेर दुसरीकडे वळते. चौथी, सुगमतेची पूर्तता नसलेल्या नव्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देऊ नये असे कायदाच सांगतो. तो पाळला जातो की नाही यावर विद्यार्थी संघटनांनी आणि प्राध्यापक संघटनांनी लक्ष ठेवावे.

या संघटनांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. शुल्कवाढीविरुद्ध मोर्चे निघतात, ते निघालेच पाहिजेत. पण बंद लिफ्ट हीसुद्धा शुल्कवाढच आहे. फक्त ती मूठभर विद्यार्थ्यांवर लादली जाते, म्हणून तिच्याविरुद्ध घोषणा होत नाहीत. ज्यांची संख्या कमी त्यांच्या बाजूने ज्यांची संख्या जास्त ते उभे राहिले, तरच संघटना या शब्दाला अर्थ आहे. शिवाय रॅम्प एकदा झाला, की त्यावरून केवळ खुर्ची जात नाही. ग्रंथालयाची पुस्तकांची गाडी जाते, गुडघे दुखणारा वृद्ध कर्मचारी जातो, गरोदर प्राध्यापिका जाते, आणि जुन्या दाखल्यासाठी गावाहून आलेला साठीचा माजी विद्यार्थीही जातो.

शेवटी पदवीदान समारंभाचे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. नावे पुकारली जातात. एकेक विद्यार्थी पायऱ्या चढून मंचावर जातो, टाळ्या वाजतात. मग एका विद्यार्थिनीचे नाव येते आणि क्षणभर गडबड उडते. मंचाला रॅम्प नाही. पाहुणे मोठ्या मनाने स्वतः खाली उतरतात, तिच्या खुर्चीपाशी वाकतात आणि पदवी तिच्या हाती देतात. सभागृह उठून टाळ्यांचा कडकडाट करते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते. सर्वांना गहिवरून येते. पण त्या मुलीला पाहुण्यांनी खाली उतरायला नको होते. तिला इतरांसारखे वर जायचे होते.